सागरी बांधकाम कंत्राटदार : वाढ आणि विस्तार

सागरी बांधकाम कंत्राटदार म्हणजे पाण्यात, पाण्याखाली आणि पाण्याच्या काठावर बांधकाम करणारी कंपनी. बंदराचा धक्का, लाटा अडवणारा बांध, मोठ्या जहाजांसाठी खोल केलेला जलमार्ग, भराव टाकून समुद्रातून मिळवलेली जमीन, समुद्रतळावर ठेवलेला बोगदा, पवनचक्कीचा पाया ही तिची कामे. यांतील अनेक कंपन्या पुढे पूल, रेल्वे, धरणे अशा जमिनीवरच्या पायाभूत कामांतही उतरतात. नदीकाठच्या एखाद्या गावातला ठेकेदार आणि दोनतीन पिढ्यांनंतरची चार खंडांत कामे करणारी कंपनी हा प्रवास या व्यवसायात वारंवार दिसतो. त्यामागे मालकाची महत्त्वाकांक्षा असतेच, पण खरे कारण जहाज आहे.

गाळ उपसणारे मोठे जहाज, म्हणजे ड्रेजर, बांधायला प्रचंड भांडवल लागते. कर्जाचे हप्ते, खलाशांचे पगार, विमा आणि गोदीतली दुरुस्ती हा खर्च जहाज कामावर असले काय किंवा नांगरून पडले काय, चालूच राहतो. कोणत्याही एका देशाचा किनारा अशा जहाजाला वर्षानुवर्षे सलग काम पुरवू शकत नाही. बंदर एकदा खोल केले की पुढची काही वर्षे तिथे फक्त देखभालीपुरता उपसा उरतो. म्हणून काम असेल तिथे जहाज जाते आणि जहाजामागून कंपनीचे कार्यालय, अभियंते, हिशेबनीस जातात.

या जहाजांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर. ते हळू चालत असताना एक लांब नळी तळावर फरफटत नेते आणि वाळू-पाण्याचे मिश्रण पोटातल्या टाकीत ओढून घेते. वाळू खाली बसते, वरचे पाणी वाहून जाते. भरलेले जहाज भरावाच्या जागी जाऊन तळाची दारे उघडते, नळीवाटे वाळू किनाऱ्यावर ढकलते किंवा नाकाडावरच्या तोंडातून तिची मोठी कमान हवेत फेकते. या कमानीला धंद्यात ‘रेनबोइंग’ म्हणतात. बेल्जियमच्या यान दे नुल कंपनीची ‘क्रिस्तोबाल कोलोन’ आणि ‘लेव्ह एरिक्सन’ ही दोन जहाजे एका खेपेत ४६,००० घनमीटर माल वाहतात. तळ खडकाळ असेल तर मात्र फिरत्या दातांचे कटर ड्रेजर लागते. ते खडक फोडत पुढे सरकते, पण त्याचा वेग फार कमी असतो.

या धंद्याची सर्वांत जुनी आणि समृद्ध परंपरा नेदरलँड्सची. देशाचा बराच भाग समुद्रसपाटीखाली असल्याने बांध घालणे, गाळ काढणे, पाणी हटवणे हे तिथल्या नदीकाठच्या गावांचे पिढीजात काम होते. व्हान ओर्ड ही कंपनी १८६८ मध्ये सुरू झाली, तर बोस्कालिस १९१० मध्ये स्लीड्रेख्ट या ड्रेजिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. अशा कंपन्यांना मोठे करणारा पहिला ग्राहक त्यांचे स्वतःचे सरकार होते. झाउडरझे हा समुद्राचा फाटा बंद करणारा ३२ किलोमीटरचा बांध १९३२ मध्ये पूर्ण झाला. एकट्या ठेकेदाराला न पेलणारे हे काम डच कंपन्यांनी एकत्र येऊन केले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री आलेल्या वादळी पुराने देशात १,८३६ माणसे मेली आणि त्यानंतर किनाऱ्याला अशा पुरापासून वाचवणारी डेल्टा योजना हाती घेण्यात आली.

या योजनेतला, ओस्टरस्केल्डे या खाडीच्या तोंडावरचा पूर रोखणारा अडथळा हा सागरी बांधकामातला सर्वांत विलक्षण धडा म्हणावा लागेल. खाडी कायमची बंद केली तर शिंपले, मासे आणि खाऱ्या पाण्याचे सारे जीवन नष्ट होईल, म्हणून मच्छीमार आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला. सरकारने आराखडा बदलला. एरवी उघडे राहणारे आणि वादळात खाली येणारे दरवाजे ठरले. सुमारे ९ किलोमीटरच्या या अडथळ्यात ६५ खांब आणि ६२ पोलादी दरवाजे आहेत. एकेका खांबाचे वजन १८,००० टनांपर्यंत. ते कोरड्या गोदीत ओतले, मग गोदीत पाणी सोडले आणि ‘ओस्ट्रिया’ नावाच्या खास बांधलेल्या जहाजाने उचलून जागेवर नेऊन ठेवले. त्याआधी ‘मिटिलस’ने तळाची सैल वाळू हादरे देऊन घट्ट केली होती आणि ‘कार्डियम’ने तीवर संरक्षक चटया अंथरल्या होत्या. तिन्ही जहाजांची नावे शिंपल्यांच्या जातींवरून ठेवलेली. ४ ऑक्टोबर १९८६ रोजी अडथळ्याचे उद्घाटन झाले. घरच्या समुद्राने शिकवलेली ही विद्या डच कंपन्यांनी पुढे जगभर विकली. दुबईच्या पाम जुमेराह बेटासाठी व्हान ओर्डने सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू उपसून टाकली.

जपानची वाट वेगळी. १८९६ मध्ये कुरे या नाविक तळाच्या शहरात ‘मिझुनो-गुमी’ नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९६१ मध्ये सुएझ कालव्याच्या सुधारणेचे काम आंतरराष्ट्रीय निविदेत मिळवले. १९६७ मध्ये तिने नाव बदलून ‘गोयो’, म्हणजे पाच महासागर, असे ठेवले. इंग्रजीत ती पेंटा-ओशन म्हणून ओळखली जाते. सिंगापूरच्या किनाऱ्यावर ती १९६० च्या दशकापासून काम करत आली आहे. बाहेर पडल्याशिवाय निभाव नाही हे तिने नावातच लिहून ठेवले.

विस्ताराचे दोन मार्ग नेहमीचे आहेत. पहिला संयुक्त उपक्रमाचा. एरवी एकमेकींशी दरावरून झुंजणाऱ्या कंपन्या एखाद्या अवाढव्य कामापुरत्या भागीदार होतात. रॉटरडॅम बंदराच्या दुसऱ्या मासव्लाक्टेचा, म्हणजे समुद्रात केलेल्या बंदर-विस्ताराचा, भराव बोस्कालिस आणि व्हान ओर्ड यांनी मिळून केला. २०१४-१५ मध्ये सुएझचा नवा जलमार्ग जेमतेम वर्षभरात खोदायचा होता, तेव्हा जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे ड्रेजर एकाच वेळी तिथे जमले होते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी तो खुला झाला.

दुसरा मार्ग खरेदीचा. व्हान ओर्डने २००३ मध्ये बॅलास्ट हाम ड्रेजिंग ही कंपनी घेतली. बोस्कालिसने २०१० मध्ये अडकलेली व बुडालेली जहाजे सोडवण्यासाठी ख्यात असलेली स्मिट आणि २०१३ मध्ये अवजड वस्तू समुद्रमार्गे वाहून नेणारी डॉकवाइज घेतली. यामुळे एकाच छताखाली उपसा, वाहतूक आणि बचाव आले. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझमध्ये आडवे रुतले, तेव्हा कालवा प्राधिकरणाच्या ड्रेजर व टग बोटींच्या मदतीला स्मिटचे तज्ज्ञ गेले होते. २९ मार्चला जहाज सुटले.

पण वाढ नेहमी सरळ होत नाही. १९८० च्या दशकात बोस्कालिस पाण्यापासून फार दूर गेली. अर्जेंटिनातल्या वायुवाहिनीचा प्रकल्प तिला कमालीचा महागात पडला आणि त्यानंतर ती पुन्हा ड्रेजिंग या मूळ कामाकडे वळली. आपल्याला नेमके काय येते हे ओळखणे या धंद्यात नव्या जहाजाइतकेच मोलाचे आहे, असे या प्रसंगावरून वाटते.

सर्वांत मोठी जोखीम मात्र तळाची. निविदा भरताना कंत्राटदाराच्या हाती काही मोजक्या ठिकाणी तळात घेतलेल्या बोअरचे, म्हणजे अरुंद खोल छिद्रांतून काढलेल्या मातीचे, नमुने असतात. त्यांच्यामध्ये काय आहे ते काम सुरू झाल्यावर कळते. वाळू समजून दर भरावा आणि खाली कठीण खडक लागावा, म्हणजे वेळ, इंधन, कटरचे दात सारेच वाढते. वाढीव खर्च कोणी सोसायचा यावरून दावे उभे राहतात, म्हणून मोठ्या कंपन्यांत कराराचे वाचन करणारा विभाग जहाजांच्या विभागाइतकाच वजनदार असतो. बांधकाम पाण्यातले नसले तरी हेच घडते. पनामा कालव्याच्या नव्या जलपाशांचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजे वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कोठ्यांचे, काम स्पेनची सासिर, इटलीची इम्प्रेजिलो, यान दे नुल आणि पनामाची एक कंपनी यांच्या गटाने सुमारे ३.१ अब्ज डॉलरच्या बोलीवर मिळवले. वाढीव खर्चाच्या वादात फेब्रुवारी २०१४ मध्ये काम काही काळ थांबले. २६ जून २०१६ रोजी नवे जलपाश खुले झाले, तरी दावे संपले नव्हते.

सगळे समुद्र सर्वांना खुले नाहीत. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने परदेशात बांधलेल्या ड्रेजरना काम करायला बंदी आहे. भरावासाठी लागणारी वाळूही कुठूनही आणता येत नाही. सिंगापूरला वाळू पुरवणाऱ्या इंडोनेशियाने २००३ मध्ये सागरी वाळूची निर्यात थांबवली होती आणि ती वीस वर्षांनी पुन्हा सुरू करायची परवानगी दिली.

उपशाने पाणी गढूळ होते. गाळ प्रवाळावर, सागरी गवतावर बसतो, त्यांना प्रकाश मिळत नाही. डेन्मार्क-स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंड या पूल-बोगदा मार्गाच्या बांधकामाच्या वेळी उपसलेल्या मालापैकी ५ टक्क्यांहून अधिक माल पाण्यात सांडू द्यायचा नाही अशी अट घातली गेली आणि ती मोजून पाळली गेली. मार्ग १ जुलै २००० रोजी सुरू झाला. अट स्पष्ट आणि मोजता येण्याजोगी असेल तर कंत्राटदार तिच्याप्रमाणे पद्धत बदलतो, हे यातून दिसले.

गेल्या काही दशकांत कामाचे स्वरूप पालटते आहे. डेन्मार्कमधल्या व्हिंडेबी इथे १९९१ मध्ये ११ पवनचक्क्यांनी समुद्रावरच्या वीजनिर्मितीची सुरुवात झाली. आता पाया ठोकणारी, केबल अंथरणारी आणि पाय रोवून पाण्याबाहेर उभी राहणारी जहाजे या कंपन्यांच्या ताफ्यात आली आहेत. यान दे नुलच्या ‘व्होल्तेर’ची क्रेन ३,००० टनांहून जास्त भार उचलते. दुसरीकडे डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधल्या १८ किलोमीटरच्या फेमार्न बेल्ट बोगद्यासाठी समुद्रतळात चर खणण्याचे काम बोस्कालिस आणि व्हान ओर्ड यांनी पुन्हा एकत्र येऊन केले. त्या चरातून निघालेल्या मातीपासून सुमारे ३०० हेक्टर नवी जमीन, बहुतांश लोलांड बेटाच्या काठाला, तयार झाली आहे.