वाऱ्यावर धरलेला हात

मे महिन्यातली दुपार. ताळगावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी एअर पिस्तुलाचा सराव आटपून आली की आधी जिन्यातच बसते. चेहरा लालबुंद, टी-शर्ट पाठीला चिकटलेला. "काका, हॉलमध्ये पंखा लावू देत नाहीत. खिडक्यासुद्धा बंद!" गोव्यातला मे आणि पंखा बंद, म्हणजे शिक्षाच. मी विचारलं, पंख्याच्या वाऱ्याने गोळीला असं काय होणार? "सर सांगतात म्हणून," ती म्हणाली.

सर उगाच सांगत नाहीत. एअर पिस्तुलाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, कंबरेत बारीक, बॅडमिंटनच्या शटलचा धाकटा भाऊ शोभेल असा. वेगही बेताचा, सेकंदाला साधारण १५० मीटर. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. नारळाच्या झावळ्या सतत हलत्या ठेवणारा, ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा लागला तर हा छर्रा निदान सेंटीमीटरभर सरकतो. पंख्याचा वारा तेवढा नसतो, पण जिथे मिलिमीटरचा हिशेब चालतो तिथे तोही नको.

आता तिला खुल्या रेंजवर पंचवीस मीटरचं .२२ (म्हणजे ०.२२ इंची नळीचं) पिस्तूल सुरू करायचंय. तिथे पंखा बंद करून भागणार नाही, समुद्राचा वारा कोण बंद करणार? "वारा गोळीला किती ओढेल, काका?" हा तिचा प्रश्न. मी पिस्तूल चालवत नाही, पण पदार्थविज्ञान थोडंफार येतं. बसलो आकडेमोड करत.

आधी चुकीचा हिशेब करू, कारण बहुतेकांच्या मनात तोच येतो. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी धरू, सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटलेली. पंचवीस मीटर जायला तिला सुमारे ०.०७३ सेकंद लागतात. तोच ताशी १६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटरचा वारा आडवा वाहतोय. गोळी वाऱ्याबरोबर वाहवत गेली असं मानलं, तर ती ३३ सेंटीमीटर बाजूला पडायला हवी. कागदाच्या बाहेरच! प्रत्यक्षात ती सरकते सुमारे सात मिलिमीटर.

एवढी तफावत कुठून आली? मांडवीच्या जुन्या पुलावर स्कूटर थांबवून उभे राहा, वारा कानाला बाजूने लागेल. तीच स्कूटर जोरात हाकली की तोच वारा जवळजवळ समोरून आल्यासारखा वाटतो, किंचित एका बाजूने. गोळीची स्कूटर फारच वेगवान. तिला हवा समोरूनच येताना 'दिसते', जेमतेम पाऊण अंश तिरकी. गरगर फिरणारी गोळी आपलं नाक त्या तिरक्या हवेकडे वळवते आणि हवेचा रोध तिला त्याच रेषेत मागे खेचतो. मागे खेचता खेचता तो तिला किंचित बाजूलाही नेतो, एवढंच. त्यामुळे वाऱ्याचा परिणाम गोळी किती वेळ हवेत होती यावर ठरत नाही, हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतो. हवा नसती तर ही गोळी ०.०७१४ सेकंदात पोचली असती. हवेमुळे उशीर झाला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. त्याला साडेचार मीटरने गुणा, सात मिलिमीटर येतात.

हे सूत्र मला फार आवडतं, कारण त्यातून एक उफराटी गोष्ट निघते. .२२ रायफलवाल्यांना ती चांगली ठाऊक असते. ध्वनीच्या वेगाहून जोरात सुटणारी काडतुसं आणि त्या वेगाच्या आतच राहणारी काडतुसं, यांत वाऱ्यात जास्त सरकते ती वेगवान गोळी! लवकर पोचते, तरीही. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम चढतो. वेगवान गोळी तिथेच आपला वेग उधळते, म्हणजे तिच्या स्वतःच्या मानाने तिला उशीर जास्त होतो. घाईत निघालेला माणूस वाटेत प्रत्येक ओळखीच्याशी थांबून बोलतो, तसं काहीसं.

अंतर दुप्पट झालं की सरकणं साधारण चौपट होतं. तीच नऊ मिलिमीटरची गोळी पन्नास मीटरवर तीन सेंटीमीटरच्या आसपास सरकेल, शंभर मीटरवर दहा-अकरा. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत पन्नास मीटरच्या रेंजवर वाऱ्याचे झेंडे लावायला सांगितलेत, नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर. जवळचा झेंडा दूरच्याहून महत्त्वाचा, कारण सुरुवातीलाच बिघडलेली दिशा शेवटपर्यंत सोबत येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या, त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य मिळवलं. त्यांच्या खेळात वारा वाचावाच लागतो. पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी मात्र झेंड्यांची सक्ती नाही. तिथे पहिल्या, अचूकतेच्या टप्प्यात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. मधोमध नेम धरला तर सात मिलिमीटरने गोळी दहातच राहते. तिच्या .२२ ची गोळीही साधारण तेवढीच सरकेल.

हे सगळं मी तिला जिन्यात ऐकवलं. ती म्हणाली, "मग वारा असला की सगळे वैतागतात कशाला?"

कारण वारा ज्याला हलवतो ती वस्तू निराळी. पंचवीस मीटरचं पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं, वजन १४०० ग्रॅमपर्यंत. त्या लांबवलेल्या हातावर आपला तो ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा लागला, तर दाब साधारण ७५ ग्रॅम वजनाएवढा पडतो. एखादं मोठं लिंबू दोरीला बांधून मनगट बाजूला ओढावं, तसा. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट, ३०० ग्रॅम. आणि उभ्या शरीरावर पडतो तो याहून कितीतरी जास्त. वारा एकसारखा असेल तर शरीर रेलून जमवून घेतं. झोत आला, गेला, पुन्हा आला, की पंचाईत.

हात सरळच्या सरळ पाच मिलिमीटर बाजूला गेला तर बिघडत नाही, गोळीही पाचच मिलिमीटर बाजूला लागते. घात करतं ते मनगटाचं वळणं. या पिस्तुलावर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत जास्तीत जास्त २२ सेंटीमीटर अंतर असतं. माशी खाचेतून एक मिलिमीटर ढळली तर पंचवीस मीटरवर गोळी ११ सेंटीमीटरहून जास्त भरकटते. उलटा हिशेब केला तर वारा नऊ मिलिमीटरच्या गोळीला जेवढं सरकवतो, तेवढी चूक करायला माशी ०.०६ मिलिमीटर ढळली तरी पुरे. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकी. वाऱ्याचा झोत हातात केसाएवढीच गडबड करून थांबेल, असं कोण म्हणेल?

त्यात आपला किनारा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मंद. सकाळी काही काळ सगळं निवांत. मग जमीन तापते, दुपारी खारा वारा जोर धरतो, आणि झाडं, भिंती, पत्रे यांना अडखळत येतो म्हणून तुटक झोतांनी येतो. रेंजला भिंती असल्या की वारा अडतोच असं नाही, कोपऱ्यावर तो भोवरे करतो. अचूकतेच्या टप्प्यात त्यावर उपाय आहे. पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात, झोत आला तर हात खाली घ्यावा, श्वास सोडावा, पुन्हा उचलावा. पण दुसऱ्या, जलद टप्प्यात लक्ष्य तीनच सेकंद दिसतं, मध्ये सात सेकंद थांबायचं. हात ४५ अंश खाली धरून सुरुवात, खूण दिसताच उचलायचा आणि एकच गोळी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच पंचवीस मीटरमध्ये. इथे वारा थांबायची वाट बघणं परवडत नाही, आलेल्या झोतातच घोडा दाबायचा.

हिशेब ऐकून मुलगी वर गेली. हल्ली रोज दुपारी तीनला ती गच्चीवर असते, खारा वारा ऐन भरात असतो तेव्हा. उजव्या हातात पाण्याने भरलेली लिटरची बाटली. सात सेकंद हात खाली, तीन सेकंद वर. समोर दोरीवर तिच्या आईच्या साड्या वाळत असतात, झेंडे म्हणून तिने त्याच धरल्यात.