दहाच्या आत: पुण्यातल्या पोरांच्या शनिवार रात्रीची पार्श्वभूमी

पुण्यात शिकायला आलेल्या पोरापोरींनी शनिवार-रविवारी काय करायचं ही यादी सगळ्यांना पाठ आहे. टेकडी, झेड ब्रिज, एफसी रोडची चक्कर, सिंहगडावर पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही, पाऊस लागला की ताम्हिणी. ते परत सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते रात्रीबद्दल. गेल्या पंचवीस वर्षांत इथली रात्र खिशात पैसे असणाऱ्यांकडे सरकत गेली आणि त्यामागे मुख्यतः एक नियम आहे, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. त्या नियमाबद्दल लोक भांडतात खूप पण तो आला कुठून आणि त्यात नेमकं काय लिहिलंय हे फारसं कोणी बोलत नाही.

लांबचं थोडक्यात. फर्ग्युसन १८८५ चं, एसपी १९१६ चं, विद्यापीठ १९४९ चं. मंडईजवळ आर्यन थिएटर १९१५ ला सुरू झालं, म्हणजे पोरं लेक्चर बुडवून सिनेमाला जातायत त्याला शंभर वर्षं झाली. कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून, बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून. गणपतीत पेठांमधे रस्त्यावर पडदा लावून रात्री सिनेमे दाखवायचे, मांडवासमोर ऑर्केस्ट्रा व्हायचा, हे सगळं फुकट आणि हॉस्टेलवरून चालत जाण्याच्या अंतरावर.

आणि डिसेंबरात सवाई. १९५३ ला सुरू झालेला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव आधी रात्रभर चालायचा हे आताच्या फर्स्ट इयरच्या पोरांना सांगितलं की खरं वाटत नाही. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीचं सीझन तिकीट सगळ्यात स्वस्त, ते चार-पाच जणांत मिळून काढायचं नि आळीपाळीने आत जायचं असं आम्ही नव्वदच्या दशकात केलेलं आहे. सतरंजी, शाल, कानटोपी, कोणाच्या तरी मावशीकडून आणलेला थर्मास. रात्री दोन-अडीचला निम्मं मैदान आडवं झालेलं असायचं आणि कोणीतरी दरबारी राग लावला की एकेक जण उठून बसायचा. शेवटच्या सकाळी, ज्यांनी हा महोत्सव उभा केला ते भीमसेन जोशीच गायला बसायचे, आणि उजाडल्यावर लकडी पुलावरून डेक्कनला येऊन इराण्याकडे बन-मस्का नि चहा. मला गाण्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं, बरोबरच्या निम्म्या जणांनाही नाही. कान तयार झाला तो त्या मैदानावर, थंडीत, अर्धवट झोपेत.

आता नियम. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम फेब्रुवारी २००० मधे आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, अपवाद फक्त बंदिस्त जागेचा, म्हणजे नाट्यगृह, हॉल, बँक्वेट वगैरे. हा काही कोणा खडूस म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. सुप्रीम कोर्टात जी याचिका गेली होती तिच्यात १९९८ मधली एक बातमी होती, तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी चाललेल्या लाउडस्पीकरच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकूच गेल्या नाहीत, त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. हे वाचल्यावर नियम नकोच असं मला तरी म्हणता येत नाही. २००२ मधे दुरुस्ती झाली की वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासमारंभाला १० ऐवजी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि २००५ मधे सुप्रीम कोर्टाने ते सगळं कायम ठेवलं. हे १५ दिवस कोणते ते दरवर्षी जिल्ह्यात जाहीर होतं. गणपती, नवरात्र, जयंत्या, नाताळ, थर्टी फर्स्ट अशी वाटणी होता होता बाकीच्यांसाठी उरतं फार थोडं.

खरा गुंता मात्र "शांतता क्षेत्र" या शब्दात आहे, आणि कॉलेजांच्या गावात तो जास्तच. हॉस्पिटल, कोर्ट आणि शिक्षणसंस्था यांच्या भोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. दोन माणसं समोरासमोर नेहमीसारखी बोलतात तेच साधारण ६० भरतं. आता डेक्कनपासून शिवाजीनगरपर्यंतचा नकाशा घ्या आणि प्रत्येक शाळा-कॉलेजवर कंपास ठेवून १०० मीटरचं वर्तुळ काढा. फर्ग्युसन, बीएमसीसी, मॉडर्न, त्यांच्या मधल्या शाळा, पलीकडे सीओईपी, वर्तुळात वर्तुळ अडकत जातं. रमणबाग तर शाळेचंच मैदान. कॉलेजचं गॅदरिंग कॉलेजच्याच मैदानात, म्हणजे जिथल्या पोरांसाठी शांतता हवी ती पोरंच स्टेजवर आणि त्यांच्याच कॉलेजमुळे ते शांतता क्षेत्र, असं विचित्र व्हायचं. शनिवारी रात्री आठला कोणत्या वर्गात कोण शिकत असतं? हॉस्पिटलचं समजू शकतो, तिथे चोवीस तास माणूस आजारी असतो. पण शाळा आणि हॉस्पिटल एकाच मापात घालताना वेळेचा विचार व्हायला हवा होता असं मला अजूनही ठामपणे वाटतं.

पुढे यावरही वाद झाला की हे क्षेत्र आपोआप होतं की सरकारने जाहीर केल्यावर. २०१६ मधे हायकोर्टाने सांगितलं, वेगळं जाहीर करायची गरज नाही. २०१७ च्या ऑगस्टमधे, गणपतीच्या तोंडावर, केंद्राने नियमच बदलला की राज्याने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र नाही. मग परत कोर्ट, स्थगिती, स्थगितीला स्थगिती. या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंनी बोलणारे मंडपवाले, रहिवासी आणि वकील होते, विद्यार्थ्यांचं म्हणणं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

परिणाम काय झाला तर सवाई २००० नंतरच्या काही वर्षांतच रात्रीतून निघून दुपारी-संध्याकाळी आला. तीन रात्रींचे पुढे पाच दिवस झाले पण सुरुवात दुपारी तीन-चारला, म्हणजे बुधवार-गुरुवारी प्रॅक्टिकल असलेल्या पोराला पहिले दोन कलाकार गेलेच. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मैदानावरून गेले. ललित आता बहुतेकांच्या कानावर मोबाइलमधूनच पडतो. २०१८ पासून महोत्सव स्वारगेटजवळ मुकुंदनगरला गेला, जागा मोठी, सोयी चांगल्या, पण डेक्कनच्या हॉस्टेलवरून चालत जाऊन चालत परत यायचं ते संपलं.

नाटकाचं तसं काही बिघडलं नाही. बालगंधर्वला साडेनऊचा प्रयोग लागायचा, तो साडेबाराला संपला तरी चालतं कारण जागा बंदिस्त. आणि इथेच सगळी मेख आहे. भिंती आणि एसी असले की रात्र कायदेशीर, उघडं मैदान असलं की दहाला माईक बंद. मैदानावरचा कार्यक्रम स्वस्त असतो, भिंतीआडचा महाग. पब आणि परमिट रूमला रात्री दीडपर्यंत परवानगी आहे, म्हणजे शनिवारी दहानंतर गावात चालू राहिलेलं संगीत तिथलं. त्यात आपल्याकडे बीअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे कायद्याने बघितलं तर अठरा-वीसच्या पोरांसाठी त्या रात्रीत जागाच नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दिसलं, पबमधून निघालेला सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, आणि बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर त्यात गेले. त्यानंतर काही महिने धाडी, सील, वेळेची सक्ती. उघड्यावर रात्री बसता येईल अशी एखादी साधी जागा पोरांना द्यावी असं मात्र तेव्हाच्या चर्चेत कोणी म्हटलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मधल्या काळात मोठे तिकीटवाले फेस्ट आले. २०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात बँडवाल्यांचा वीकेंडर सुरू झाला, एकाच वेळी अनेक स्टेज, दुपारी सुरू आणि दहाला बंद. त्यांनी नियम धरूनच आखणी केली आणि ती जमली, हे कबूल करायला हवं. २०१६ ला सनबर्न हा डान्स म्युझिकचा फेस्ट गोव्यातून पुण्याजवळ केसनंदला आला, पुढे परत गेला. दोन्हींची तिकिटं मेसवर जेवणाऱ्या पोराला झेपणारी नव्हती.

सध्याची स्थिती अशी की सवाईला अलीकडे एका दिवसाची, शनिवारची, बारापर्यंत सूट मिळते. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाते, त्यामुळे डेक्कन-शिवाजीनगरची पोरं मुकुंदनगरला जायला लागलीत, मैदान परत जरा तरुण दिसतं. पण गाड्या अकराच्या सुमाराला संपतात आणि गाणं बाराला. गेल्या वेळी साडेदहालाच माझ्या शेजारची तीन मुलं मोबाइलमधे वेळ बघून कुजबुजायला लागली, मालकंस नुकता सुरू झाला होता. दोघं उठून गेली. तिसरा राहिला, म्हणाला जाईन चालत.