डिप्रेशनच्या गोळीची 'सवय' लागते म्हणे

मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, तरी कट्ट्यावर अजून हेच की डिप्रेशनची गोळी एकदा धरली की जन्मभर सुटत नाय. चूक आहे ओ. सवय लागते ती घबराट कमी करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, डिप्रेशनवर देतात त्या सर्ट्रालीनची जातच वेगळी. डॉक्टर ती बहुतेक 25 नायतर 50 मिलिग्रॅमवर सुरू करतात, सुरवातीला मळमळ होऊ शकते, फरक जाणवायला 2 ते 4 आठवडे लागतात आणि नेमकं तेवढ्यातच लोक 'काय उपयोग नाय' म्हणून पाकीट कपाटात टाकतात. पंचविशीच्या आतल्या पोरांकडं मात्र पहिले काही आठवडे नीट लक्ष पायजे, जीव द्यायचे विचार वाढू शकतात, तसं दिसलं की लगेच डॉक्टर गाठायचा. बरं वाटल्यावरही निदान 6 महिने चालू, मग डोस हळूहळू खाली. एकदम सोडली की चक्कर, झिणझिण्या येऊ शकतात, त्यालाच लोक व्यसन समजून बसलेत.