कॉंक्रीट कटिंगची फोटो नोंद

कॉंक्रीट कटिंगची फोटो नोंद म्हणजे स्लॅब, भिंत, बीम नाहीतर फरशीखालचं कॉंक्रीट कापायच्या आधी, कापताना आणि कापून झाल्यावर ठरवून काढलेले फोटो, आणि ते काढणारा माणूस ब्लेड, करंट, धूळ, पडणारा तुकडा या सगळ्यापासून लांब राहील अशी केलेली सोय. ही सोय आधी आणि फोटो मग, हा क्रम पक्का धरायचा. सोलापुरात असं काम बऱ्याच ठिकाणी निघतं. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या अपार्टमेंटमध्ये एसी आणि ड्रेनेजच्या पाइपला ३-४ इंची होल, जुन्या पेठांतल्या घरात जिना फिरवायला किंवा लिफ्ट घालायला स्लॅब उघडणं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचं नाहीतर बॉयलरचं फाउंडेशन हलवणं. पूर्वी हे सगळं छिन्नी-हातोड्यावर चालायचं, आता गोल होलाला डायमंड कोअर बिट (कडेला हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी), सरळ कापाला फ्लोअर कटर किंवा वॉल सॉ, जाड बीमला वायर सॉ आणि बारीक कामाला हातातला ग्राइंडर.

कापायच्या आधीचे फोटो

सगळ्यात जास्त कामाला येतात ते हेच, आणि सगळ्यात कमी काढले जातात तेही हेच. कटिंग झालं, पाइप बसला, प्लास्टर फिरलं की आत काय होतं ते परत दिसत नाही. म्हणून आधी लांबून पूर्ण खोली, मग भिंत, मग मार्किंग, असं तीन टप्प्यांत आत जायचं आणि प्रत्येक फोटोत एक तरी न हलणारी गोष्ट ठेवायची, दाराची चौकट, कॉलमचा कोपरा, खिडकीचा कट्टा. नुसत्या पांढऱ्या भिंतीवर खडूचा चौकोन एवढाच फोटो असला तर सहा महिन्यांनी तो कुठल्या मजल्यावरचा हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. मार्किंगशेजारी मेजरटेप उघडा लावायचा, आकडे वाचता येतील असा, आणि एका पाटीवर तारीख, मजला, होलाचा व्यास लिहून तीही फोटोत घ्यायची. रीबार लोकेटर, म्हणजे आतली सळई शोधणारं यंत्र, फिरवला असेल तर सळईच्या रेषा एका रंगाने, वायरच्या पाइपच्या दुसऱ्या रंगाने मारून फोटो काढायचा. स्लॅब असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन त्याच जागेचा खालून फोटो घ्यायचाच, तिथे पंखा असतो, पीओपी असतं, कधी देवघर असतं.

जुळे सोलापुरातल्या एका घरात बाथरूमच्या होलाला मशीन लावून झालं होतं, पाणी सुरू करायचं तेवढंच बाकी, आणि मालकांचा मुलगा फोन घेऊन पळत आला, "अण्णा, थांबा जरा, हितं पाइप हाय." स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी त्याने छतावर उभं राहून सळईच्या जाळीचा फोटो काढून ठेवला होता. त्यात वायरिंगचा पांढरा पाइप तिरका गेलेला आणि कोपऱ्यातल्या कॉलमच्या उभ्या सळया, सगळं एकाच फ्रेममध्ये. टेपने मोजून बघितलं तर बिटचं सेंटर बरोब्बर पाइपवर. होल नऊ इंच सरकवलं, काम झालं. कटिंगचा सगळ्यात चांगला फोटो बऱ्याचदा कटिंगच्या कित्येक वर्षं आधी काढलेला असतो, त्यामुळे ज्यांचं बांधकाम आत्ता सुरू आहे त्यांनी कॉंक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीची जाळी टेपसकट फोटोत घेऊन ठेवावी, मनापासून सांगतोय.

उभं कुठे राहायचं

४ इंची ग्राइंडर साधारण ११ हजार आरपीएमला फिरतो, म्हणजे ब्लेडची कडा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असते. सेगमेंट, म्हणजे ब्लेडच्या कडेचा डायमंडचा तुकडा, निसटला तर तो ब्लेडच्या रेषेतच जातो, पुढे किंवा मागे. म्हणून ब्लेडच्या सरळ रेषेत, समोर असो नाहीतर ऑपरेटरच्या पाठीमागे, कधीच उभं राहायचं नाही, बाजूला आणि लांब राहायचं आणि जवळचं दिसायला झूम वापरायचा. वायर सॉचं प्रकरण अजून अवघड आहे, स्टीलच्या दोरावर डायमंडचे मणी ओवलेले असतात, दोर तुटला तर मणी सुटून गोळीसारखे येतात आणि तुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं, त्या पट्टीच्या आत फोटोवाल्याचं काहीच काम नाही. फोन ट्रायपॉडवर लावून रेकॉर्डिंग सुरू करायचं, आपण बॅरिकेडच्या बाहेर यायचं आणि मशीन बंद झाल्यावरच फोन घ्यायला आत जायचं.

कोअर, म्हणजे होलातून सुटणारा गोल तुकडा, खाली पडतो हे तर सगळ्यांना माहीत असूनही खालून "होल आरपार आलं" तो क्षण टिपायला माणसं उभी राहतात. ६ इंची स्लॅबमधला १२ इंच व्यासाचा गोल तुकडा साधारण २६-२७ किलो भरतो, कारण सळईसकट कॉंक्रीट घनमीटरला २५०० किलोच्या आसपास असतं. तोच हिशेब मीटर बाय मीटरच्या चौकोनाला लावला तर पावणेचारशे किलो. खालचा मजला रिकामा करून दोरी बांधायची, तिथे एक माणूस लांब बसवायचा आणि तो बांधलेला बंदोबस्तच फोटोत घ्यायचा, पुढे काही वाद झाला तर तोच फोटो उपयोगी पडतो.

फोटो काढताना चालायचं नाही, दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं, मग स्क्रीनकडे बघायचं. उघड्या स्लॅबच्या कडेला मागे सरकत सरकत फ्रेम लावणारा माणूस खाली जायला एक पाऊल पुरतं. ऑपरेटरला हाक मारून "इकडे बघा" म्हणायचं नाही, फ्लॅश तर चालू मशीनसमोर मारायचाच नाही, पाहिजे तर काम थांबवून, प्लग काढून, हात बाजूला घेऊन फोटो काढायचा. ओल्या कटिंगमध्ये, म्हणजे ब्लेडवर पाणी सोडून कापताना, खाली स्लरी (पाणी आणि कॉंक्रीटच्या भुकटीचा चिखल) पसरलेली असते आणि त्यातच एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो, तो उचलून टांगलेला असावा आणि लाइनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असावा, हे बघितल्याशिवाय त्या पाण्यात पाय घालायचा नाही. स्लरी सिमेंटमुळे अल्कलीवाली असते, कातडी जाळते, कॅमेऱ्याचा पट्टाही त्यात पडू देऊ नये.

धूळ आणि पाणी

सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे कोरडंच कापून टाकू असं म्हणणारे भेटतात, आणि इथेच फुफ्फुसाचं वाटोळं होतं. कोरड्या कटिंगच्या धुळीत बारीक सिलिका असते, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, त्यातून बरं करणारं औषध नाही. सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत हा आजार आहे, आधी तो कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आणि अमेरिकेत २०१६ च्या नियमाने ८ तासांची मर्यादा घनमीटरला फक्त ५० मायक्रोग्रॅम ठेवलीय. आपली खडी काळ्या बेसाल्टची, त्यात मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे हीच सिलिका, ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं हे खरं, पण वाळू, टाइल, वीट यांच्यात काय आहे ते कोण तपासतंय. तोंडाला टॉवेल गुंडाळून भागत नाही, बारीक धूळ त्यातून आरामात आत जाते. एन ९५ मास्क, बंद गॉगल, हेल्मेट, कानाला प्लग, हे फोटो काढणाऱ्यालाही तेवढंच लागतं, आपण दोनच मिनिटं थांबणार असलो तरी. टँकरचं पाणी आधी सांगून ठेवायचं आणि ड्रम भरलेला फोटो कामाच्या नोंदीत घ्यायचा. लूमच्या शेडमध्ये कटिंग असेल तर सूत आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांवर ताडपत्री टाकलेला फोटो आधी काढावा, नाहीतर नंतर डागाचं भांडण कटिंगवाल्याच्याच गळ्यात येतं.

उजेडाचं म्हणाल तर फ्लॅश मारला की पाण्याचे थेंब आणि धूळ पांढरे ठिपके होऊन बसतात, त्यापेक्षा बाजूने हॅलोजन किंवा एलईडी लावून काढलेला फोटो स्वच्छ येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, गच्चीवर फोन तापून कॅमेराच बंद पडतो, तेव्हा सकाळीच काढून घ्यावेत. लेन्सवरची धूळ आधी फुंकणीने उडवायची, कोरड्या कपड्याने पुसली तर चरे पडतात. ड्रोनने गच्चीचं शूटिंग करायचं असेल तर होटगी रोडचं विमानतळ शहराला लागूनच आहे, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा बघून, परवानगी लागत असेल तर ती घेऊनच उडवायचं. मजुरांचे चेहरे येणार असतील तर त्यांना विचारून घ्यावं.

कापून झाल्यावर

होलाच्या आतल्या कडेचा फोटो टॉर्च मारून काढतात. सळई कापली गेली असेल तर चकचकीत गोल तोंड लगेच दिसतं, ते झाकून प्लास्टर करायचं नाही, टेप लावून फोटो काढून स्ट्रक्चरल इंजिनियरला पाठवायचा. कॉंक्रीटची ताकद तपासायला कोअर काढले असतील तर नोंद अजून काटेकोर लागते. आयएस ४५६ : २००० या कॉंक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ३ कोअर, त्यांच्या ताकदीची सरासरी क्यूबच्या (टेस्टसाठी भरलेल्या ठोकळ्याच्या) हिशेबात ग्रेडच्या, म्हणजे ठरलेल्या ताकदीच्या, ८५ टक्के तरी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, आता यात कुठला कोअर कुठल्या कॉलमचा हेच गोंधळलं तर सगळी टेस्ट पाण्यात. म्हणून कोअर बाहेर आला की ओला असतानाच वरची बाजू बाण काढून दाखवायची, वॉटरप्रूफ मार्करने नंबर घालायचा आणि कोअर त्याच्या होलाशेजारी धरून एक फोटो घ्यायचा.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबले जातात आणि तारीख-जागेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. फाइलचं नाव तारीख, मजला, होल नंबर असं ठेवून एक कॉपी ठेकेदाराकडे, एक घरमालकाकडे.