तरंगती रुग्णालये, इंडोनेशियातील

इंडोनेशियाच्या दुर्गम बेटांवर जाऊन तेथील गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार, मुख्यतः शस्त्रक्रिया, करणारी धर्मादाय जहाजे. स्थानिक नाव ‘रूमा साकित तेरापुंग’. देशात सुमारे 17,000 बेटे असून मोठी रुग्णालये जावा बेटावर व प्रमुख शहरांत एकवटली आहेत. 1968 पासून ‘पुस्केसमास’ ही प्राथमिक आरोग्यकेंद्रांची यंत्रणा उपजिल्हा पातळीवर उभी राहिली. परंतु भूल देऊन करावयाच्या शस्त्रक्रिया तिच्या आवाक्यात सहसा येत नाहीत.

यांतील पहिले जहाज कोणते, याबद्दल एकवाक्यता नाही. केवळ जहाजावरील रुग्णालय एवढाच निकष लावला, तर ‘ऑप टेन नोर्ट’ या डच प्रवासी जहाजापर्यंत मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात त्याचे रुग्णालयात रूपांतर झाले व 1942 मध्ये ते जपान्यांच्या हाती पडले. ते अर्थातच जखमी सैनिकांसाठी होते. शांतताकाळातील सेवेचा आद्य दाखला म्हणून अमेरिकेच्या ‘होप’ जहाजाचे नाव पुढे केले जाते. विल्यम वॉल्श यांच्या ‘प्रोजेक्ट होप’ (स्थापना 1958) या संस्थेने नौदलाचे ‘कन्सोलेशन’ हे रुग्णालय-जहाज मिळवून त्याला हे नाव दिले आणि 1960 मध्ये पहिली सफर इंडोनेशियाची केली. स्थानिक डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण हा तिचा एक प्रमुख हेतू होता. शीतयुद्धाच्या राजकारणापासून ती अलिप्त मानता येत नाही. इंडोनेशियन नौदलाचे ‘डॉक्टर सुहार्सो’ (2003 मध्ये दाखल, नामांतर नंतरचे) आकाराने मोठे, सुमारे 122 मी. लांब असले तरी ते सरकारी जहाज होय. खाजगी मालकी, देशी संघटन आणि केवळ रुग्णसेवा हा हेतू या तिन्ही कसोट्या एकत्र लावल्यास 2013 मध्ये कार्यरत झालेल्या ‘डॉक्टर ली धर्मावान’ या जहाजाचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

ली धर्मावान हे सुमात्रातील पादांग येथे जन्मलेले, जर्मनीत शिकलेले शल्यचिकित्सक. ‘डॉक्टरशेअर’ या त्यांच्या संस्थेची स्थापना 2009 ची. जहाजाच्या कल्पनेचे मूळ साधारण त्याच सुमाराच्या एका प्रसंगात सांगितले जाते. पूर्व इंडोनेशियातील मालुकू द्वीपसमूहाच्या आग्नेय भागातील केई बेटांवर शिबिर चालू असताना एक आई मुलीला घेऊन आली. मुलीच्या हर्नियात (अंतर्गळात) आतडे अडकले होते. अशा वेळी रक्तपुरवठा तुटून काही तासांतच आतडे सडू लागते. या मायलेकींचा बोटीचा प्रवास तीन दिवस नि दोन रात्रींचा झाला होता. मुलगी वाचली, पण वाचणे हा अपवाद होता, आणि रुग्ण शिबिरापर्यंत येण्याऐवजी शस्त्रक्रियागृहच बेटापर्यंत न्यावे, हा विचार तेथून बळावला असे दिसते.

संस्थेचे हे पहिले जहाज, ‘डॉक्टर ली धर्मावान’, लाकडी व लहान होते. उथळ खाड्यांत शिरता येणे हा त्याचा मोठा गुण, तर डोलणे हा दोष. त्यामुळे आडोशाच्या पाण्यात नांगर टाकून काम करावे लागे. हर्निया, चरबीच्या गाठी, मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ अशा, मुक्काम अल्प असतानाही पुऱ्या होणाऱ्या शस्त्रक्रियांना अशा मोहिमांत प्राधान्य मिळते. रुग्णांची प्राथमिक निवड स्थानिक आरोग्यकेंद्राने आधी करून ठेवलेली असल्यास वेळ वाचतो. वेळापत्रक वाऱ्यांवर ठरते : डिसेंबर ते फेब्रुवारीत जावा समुद्र खवळलेला असतो, तर बांदा समुद्रात जून ते ऑगस्टमधील आग्नेय वारे अधिक त्रासाचे. 2021 मध्ये हे जहाज सुंबावा बेटावरील बिमानजीकच्या समुद्रात बुडाले. दरम्यान संस्थेने ‘नुसा वालुया’ नावाची जहाजेही सेवेत आणली होती.

सुराबाया येथील आयरलांगा विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी 2017 मध्ये ‘क्सात्रिया आयरलांगा’ हे असेच जहाज सुरू केले. त्याची बांधणी सुलावेसीतील पारंपरिक पिनिसी (लाकडी शिडाचे जहाज) पद्धतीची आहे.

जहाज निघून गेल्यावर टाके, जंतुसंसर्ग, पुनर्तपासणी यांचे काय, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप. स्थानिक केंद्राला बरोबर घेतल्याखेरीज त्याचे निरसन होत नाही. 1 जानेवारी 2014 पासून राष्ट्रीय आरोग्यविमा लागू झाल्यावर अशा सेवेची गरज ओसरेल, अशी अपेक्षा बाळगता आली असती. परंतु विम्यातून उपचाराचा खर्च भागला, तरी बोटीचे भाडे, सोबतच्या नातेवाइकांची सोय आणि बुडालेली मजुरी यांचा भार बहुतांशी कुटुंबावरच राहतो.