नववीच्या भूमितीचा पहिला धडा आला कुठून?

ऊन ओसरत नाही म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. नागपुरात नववीच्या गणित भाग 2 चा पहिला धडा, 'भूमितीतील मूलभूत संबोध', मग बहुधा घाईतच उरकला जातो. बिंदू, रेषा, प्रतल, गृहीतक, प्रमेय पाठ करा आणि चला समांतर रेषांकडे. धड्यात युक्लिडचं नाव असल्याने सगळंच तेवीसशे वर्षांपूर्वीचं असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात या धड्यात निदान तीन काळांची भर आहे, आणि मुलं जिथे अडखळतात तो भाग सर्वांत नवा आहे.

युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात 13 खंडांचा ग्रंथ रचला. पहिल्याच खंडाच्या आरंभी 23 व्याख्या आणि 5 गृहीतकं, म्हणजे सिद्ध न करता मान्य केलेली विधानं, आहेत. 'ज्याला भाग नाही तो बिंदू' ही त्यातली पहिली व्याख्या; गंमत म्हणजे पुढच्या एकाही सिद्धतेत ती कामाला येत नाही. आपल्याकडे हा ग्रंथ अरबीमार्गे आला. सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'रेखागणित' या नावाने तो संस्कृतात आणला.

पाचव्या गृहीतकाने मात्र सगळ्यांना छळलं. दोन रेषांना छेदणाऱ्या तिसऱ्या रेषेच्या, म्हणजे छेदिकेच्या, एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या दोन रेषा त्या बाजूला मिळतात, असं ते सांगतं. हे उरलेल्या चारांवरून सिद्ध व्हायला हवं, असं शतकानुशतकं वाटत राहिलं. 1733 मध्ये साकेरी या इटालियन गणितज्ञाने नेटाने प्रयत्न केला, पण फसला. शेवटी लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि बोल्याईने 1832 मध्ये हे गृहीतक बाजूला ठेवून वेगळीच भूमिती उभी करून दाखवली.

त्याच सुमारास भारतात त्रिकोणांवर त्रिकोण रचत देश मोजण्याचं काम चालू होतं. त्या सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलजवळचा 1907 चा दगडही याच सर्वेक्षणाचा. पृथ्वीच्या पाठीवरच्या एवढ्या मोठ्या त्रिकोणात तीन कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा किंचित जास्त भरते, हे या मंडळींना ठाऊक होतं आणि हिशेबात ते धरतही. अर्थात यामुळे युक्लिड खोटा ठरत नाही. त्याची गृहीतकं सपाट प्रतलापुरती आहेत, एवढंच.

दुसरी भर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. युक्लिडची पहिलीच रचना समभुज त्रिकोणाची: दोन वर्तुळं काढा, ती जिथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. पण ती छेदतातच कशावरून? आकृतीत दिसतं म्हणून! कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या दरम्यान आहे, हेही तो आकृतीवरूनच ठरवतो. 1882 मध्ये पाश्च या जर्मन गणितज्ञाने ही उणीव नेमकी पकडली आणि 1899 मध्ये त्याच्याच देशाच्या हिल्बर्टने गृहीतकांची पूर्ण यादीच नव्याने मांडली. बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या करायचीच नाही. त्यांचं आपसातलं नातं गृहीतकांनी बांधायचं. 'बिंदू म्हणजे काय' याला पुस्तक उत्तर देत नाही, ते यामुळे. मुलांना ही पळवाट वाटते. माझ्या मते धड्यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट हीच आहे.

हिल्बर्टची यादी शाळेला झेपणारी नव्हती. तिसरी भर इथून आली. अमेरिकेत बर्कहॉफ या गणितज्ञाने 1932 मध्ये सोपी वाट काढली: वास्तव संख्या आधीच मान्य करा आणि मोजपट्टी, कोनमापक यांनाच गृहीतकांचा दर्जा द्या. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला एक संख्या, दोन संख्यांतला फरक म्हणजे अंतर. 1957 च्या स्पुटनिकनंतर तिथे शालेय गणिताची फेरमांडणी झाली, तेव्हा हीच पद्धत 22 गृहीतकांच्या रूपात वर्गात आली. त्यातली काही इतरांवरून सिद्ध होण्यासारखी होती, पण शिकवायला सोपं जावं म्हणून मुद्दाम ठेवली.

मुलं जिथे अडखळतात ते आपल्या धड्यातले बिंदूंचे निर्देशक (बिंदूला जोडलेल्या संख्या), अंतराची d(P, Q) ही खूण आणि दरम्यानतेची व्याख्या याच घराण्यातली. युक्लिडने रेषाखंडाला कधी संख्या जोडली नव्हती. इथे मात्र d(P, Q) + d(Q, R) = d(P, R) जुळलं की P-Q-R, म्हणजे Q हा P आणि R च्या दरम्यान, असं लिहायचं; दरम्यानतेसाठी हिल्बर्टला जी वेगळी गृहीतकं लागली, त्यांचं काम एका बेरजेत भागतं.