सरकारी शाळांमधील प्रमाणित चाचण्या (महाराष्ट्र)

शाळेबाहेरच्या यंत्रणेने तयार केलेली एकच प्रश्नपत्रिका अनेक शाळांतील विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळात सोडवावी आणि तिचे गुणदानही सर्वांसाठी सारख्याच नियमांनी व्हावे, अशा परीक्षेला प्रमाणित चाचणी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि शासकीय आश्रमशाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना द्याव्या लागणाऱ्या अशा चाचण्यांचा विचार केला आहे. घटक चाचणीत शिकवणारे गुरुजी किंवा बाईच प्रश्न काढतात, त्यामुळे वर्गात जे झाले त्याचाच तिच्यात पडताळा होतो. प्रमाणित चाचणीत मात्र मूल कोणत्या गावात आणि कोणाच्या हाताखाली शिकले हे न पाहता, त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींपैकी, म्हणजे इयत्ता संपेपर्यंत मुलाला यायला हव्यात अशा ठरवलेल्या गोष्टींपैकी, त्याला काय येते एवढेच विचारले जाते.

शिक्षणशास्त्राच्या काटेकोर अर्थाने प्रत्येक सामाईक प्रश्नपत्रिका प्रमाणित ठरत नाही. संविधान तक्त्यानुसार, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण हे आधी ठरवणाऱ्या आराखड्यानुसार, प्रश्नांची निवड करणे, ते आधी काही मुलांवर वापरून प्रत्येकाचे काठिण्यमूल्य (प्रश्न किती अवघड) आणि भेदनमूल्य (येणाऱ्या व न येणाऱ्या मुलांत तो किती फरक दाखवतो) काढणे, आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास निकाल तसाच येतो का) व सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) तपासणे, एवढी वाट चालल्यावरच ती त्या नावाला पात्र होते. त्याहूनही आधीचा प्रश्न हेतूचा आहे. थोड्या मुलांची निवड करण्यासाठी, एका मुलाची अडचण ओळखण्यासाठी आणि जिल्ह्याची किंवा राज्याची स्थिती मोजण्यासाठी घेतलेल्या चाचण्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांची रचना वेगळी असावी लागते. महाराष्ट्रातील चाचण्यांविषयीचे बहुतेक वाद एका हेतूची चाचणी दुसऱ्या हेतूसाठी वापरल्यामुळे उद्भवले आहेत, असे त्यांचा इतिहास पाहिल्यावर म्हणावे लागते.

हा इतिहास ब्रिटिश काळापर्यंत मागे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खाजगी अनुदानित शाळांना ‘निकालावर अनुदान’ देण्याची पद्धत होती. तपासणीस येऊन मुलांची परीक्षा घेई आणि किती मुले उत्तीर्ण झाली त्यावर शाळेला मिळणारी रक्कम ठरे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. ज्या समाजाला शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, त्याच्यात निकालाच्या भरवशावर पोट भरायला कोणी शिक्षक जाणार नाही, तेथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गुणांना पैसा जोडला की ज्याला शिकवणे कठीण तेच मूल आधी वगळले जाते, हा धोका इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे मांडला गेला होता, ही गोष्ट आजच्या चर्चेत सहसा आठवली जात नाही. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही ग्रामीण भागातील सर्वांत वजनदार परीक्षा ठरली. ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकत असे, आणि ‘फायनल झालेला’ हे शब्द गावात मानाने उच्चारले जात.

आज सर्वांत खोल रुजलेली चाचणी म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद दोन टप्प्यांवर, २०१७ पासून पाचवी व आठवीला, घेत आली आहे. दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास वेळ असे तिचे स्वरूप आहे. पहिलीत प्रथम भाषा व गणित, दुसरीत तृतीय भाषा (मराठी शाळांत इंग्रजी) व बुद्धिमत्ता चाचणी हे विषय असतात. सर्व प्रश्न बहुपर्यायी असतात. आठवीच्या परीक्षेत मात्र काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात व दोन्ही ओळखावे लागतात. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पात्र ठरतो, परंतु शिष्यवृत्ती त्यांतील गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच मिळते. २०२३ मध्ये तिची रक्कम पाचवीच्या परीक्षेसाठी वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीच्या परीक्षेसाठी ७,५०० रुपये करण्यात आली. तोपर्यंत ती इतकी अल्प होती की मुले बसत ती पैशासाठी नव्हे, प्रतिष्ठेसाठी.

या परीक्षेने जिल्हा परिषदेच्या शाळांत एक स्वतंत्र संस्कृती निर्माण केली. शाळा भरण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर घेतलेले जादा तास, सुट्टीच्या दिवशीचे सराव, बुद्धिमत्तेच्या आकृत्यांनी भरलेले फळे आणि निकालानंतर गावात लागणारे अभिनंदनाचे फलक या सर्वांमागे अनेक शिक्षकांनी विनामोबदला दिलेली वर्षे आहेत. शेतमजुराच्या मुलाला आपण तालुक्यातल्या कोणाही मुलाच्या बरोबरीचे आहोत हे पहिल्यांदा याच परीक्षेने दाखवून दिले, अशी उदाहरणे मराठी घरांत विपुल आहेत, आणि त्यांचे मोल कमी लेखता येत नाही. तरीही ती निवडीची परीक्षा आहे. तिच्या तासांना हुशार मुले वेगळी बसवली जातात, आणि वर्गात मागे राहिलेल्या मुलाला काय येत नाही याबद्दल तिचा निकाल काहीच सांगत नाही. शिष्यवृत्तीत किती मुले आली यावरून संपूर्ण शाळेची पारख करण्याची सवय म्हणूनच चुकीची आहे.

शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपर्यंत उच्च प्राथमिक अशी रचना ठरवल्यावर, पूर्वी चौथी व सातवीला होणारी ही परीक्षा पाचवी व आठवीला नेण्यात आली, आणि नव्या स्वरूपातील पहिली परीक्षा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. परंतु जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीत मूल दुसऱ्या शाळेत गेले की त्याला तयार करणारे गुरुजी मागे राहत. सरकारी शाळांतून बसणाऱ्या मुलांची संख्या घटल्याची जाणीव झाल्यावर २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचे ठरले. निवडीच्याच वर्गात आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा येते; सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी असलेल्या या परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षाही याच प्रकारची आहे.

सर्व मुलांसाठी असलेल्या चाचण्यांचा प्रवास वेगळा आहे. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे व मंडळाची परीक्षा घेणे दोन्ही थांबले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील शासन निर्णयाने राज्यात आकारिक (शिकताना चालणारे) व संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) अशा दोन अंगांचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, ज्यात मुलाचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि लेखी चाचणी यांची नोंद शिक्षकानेच ठेवायची होती. मूळ कल्पना अत्यंत चांगली होती. परंतु पट मोठा आणि शिक्षक कमी अशा शाळांत निरीक्षणापेक्षा नोंदवह्याच वाढल्या. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने बाह्य प्रश्नपत्रिका परत आणल्या. वर्षारंभी पायाभूत चाचणी आणि नंतर दोन संकलित चाचण्या असा तो क्रम होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली २०२३-२४ पासून याच क्रमाला नियतकालिक मूल्यांकन चाचणी असे नाव मिळाले. प्रश्नपत्रिका राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुरवते, उत्तरपत्रिका शाळेतील शिक्षक उत्तरसूचीवरून तपासतात आणि गुण ऑनलाइन भरले जातात.

या चाचणीचा खरा उपयोग निदानाचा आहे. पायाभूत चाचणीत तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही असे कळले, तर बाईंना तिथून सुरुवात करता येते. मात्र वरच्या कार्यालयाने तेच गुण शाळांच्या तुलनेसाठी वापरायला सुरुवात केली की तपासणारा हात सैल होतो, कारण आपल्याच वर्गाचे गुण आपणच द्यायचे आणि त्यांवर आपलीच पारख व्हायची, ही स्थिती कोणाही प्रामाणिक माणसावर ताण आणणारी आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे पुन्हा आवश्यक केले. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी असते, आणि तीतही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे या दोन इयत्तांत निदानाच्या कागदावर निर्णयाचेही ओझे आले.

स्थिती मोजण्याचे काम नमुना सर्वेक्षणे करतात. केंद्राचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ते ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी व नववीसाठी घेण्यात आले. त्याचा निष्कर्ष जिल्ह्याविषयी असतो, शाळेविषयी किंवा मुलाविषयी नसतो. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात वेगळ्या वाटेने चालते. त्यात स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. त्या दिवशी शाळेत न आलेले मूलही त्यात सापडते, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला पर्यायावर अंदाजाने खूण करण्याची सोय तिथे नसते. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत म्हणून एक खोटे ठरत नाही. त्यांनी वेगळ्या मुलांना वेगळ्या रीतीने वेगळी गोष्ट विचारलेली असते.

सर्वांत कठीण प्रश्न भाषेचा आहे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणारी मुले शाळेत येतात, आणि ‘प्रथम भाषा’ म्हणून त्यांच्यापुढे मराठीची प्रश्नपत्रिका ठेवली जाते. कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातीलही नाही. अशा मुलाने गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडून दिले, तर त्याला बेरीज येत नाही की वाक्य कळले नाही हे गुणांवरून ओळखता येत नाही, आणि सप्रमाणतेची कसोटी इथेच निसटते. मुलाची भाषा जाणणाऱ्या शिक्षकाने तोच प्रश्न तोंडी विचारला तर उत्तर अनेकदा मिळते, परंतु तसे विचारणे एकसारख्या चाचणीच्या नियमात बसत नाही.

वेळापत्रकही सर्वांसाठी सारखे नसते. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची मुले पायाभूत चाचणी आपल्या गावात देतात, दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. जी हंगामी वसतिगृहात राहतात तेवढ्यांचेच वर्ष सलग मोजले जाते. २०२५ मध्ये वार्षिक परीक्षांचे राज्यभर एकच वेळापत्रक ठरवून त्या एप्रिलच्या अखेरीपर्यंत नेण्यात आल्या, तेव्हा विदर्भातील उन्हाबद्दल पालकांनी आणि १ मे रोजी निकाल लावायचा असल्याने तपासणीला उरलेल्या मोजक्या दिवसांबद्दल शिक्षकांनी हरकत घेतली होती. वर्षअखेरीस इतक्या घाईने तपासलेली दुसरी संकलित चाचणी त्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंच्या उपयोगाची राहत नाही, कारण जूनमध्ये ती मुले पुढच्या वर्गात आणि पुष्कळदा दुसऱ्या शिक्षकाकडे गेलेली असतात.